तळघरातली लॉटी

लॉटी डुडेकने लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत भट्टीवाल्यांच्या पाचशेच्या वर मॅच ऐकल्या, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली मोजून एक. ऐकल्या म्हणजे रेडिओवर नव्हे हं. तळघरात बसून, डोक्यावरच्या पावलांवरून.

भट्टीवाले ही पोर्ट हॅरोची टीम. सरोवराकाठच्या या गावात पोलाद वितळायचं तेव्हा टीमला हे नाव पडलं. पुढे एकेक भट्टी विझली, कारखान्याला कुलूप लागलं, माणसं निम्मी झाली, टीम तेवढी राहिली. आणि टीम तरी कशी? लांबुडका चेंडू छातीशी धरून पळायचं एवढंच काम, पण यांच्या हातातून तो ओल्या साबणासारखा निसटायचा. देशाचं अजिंक्यपद बाजूलाच राहिलं, फायनलचं तोंडसुद्धा गावाने कधी पाहिलं नव्हतं. तरी दर सप्टेंबरात अख्खं गाव नव्याने खुळावायचं. रविवारी चर्चमध्ये फादर प्रवचन आटोपतं घ्यायचे, बाया दुपारचं जेवण सकाळीच उरकून ठेवायच्या आणि एकच्या ठोक्याला रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही.

लॉटीच्या वाट्याला तळघर आलं ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी. ती आली होती दक्षिणेकडच्या शेतावरून, बटाट्याच्या आणि बिटाच्या राज्यातून. तिथे या खेळाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. डिसेंबरचा रविवार होता. ती मॅच जिंकली असती तर भट्टीवाले फायनलला जाणार होते. शेवटचे काही सेकंद उरले होते, एका पॉइंटने मागे, आणि आता फक्त एक किक दोन खांबांमधून जायची होती. खोलीत नवरा कॅझ, धाकटा दीर चेट, सासू आणि कारखान्यातले आठ-नऊ जण श्वास रोखून बसलेले. तेवढ्यात नवी नवरी लॉटी बटाटा भरलेल्या गरम पियेरोगींचं ताट घेऊन आली आणि बरोब्बर टीव्हीपुढे उभी राहिली. म्हणाली, "आधी खाऊन घ्या बघू, गार होतायत."

चेंडू खांबावर आदळला आणि बाहेर गेला.

 सासूने हातातली जपमाळ टेबलावर ठेवली आणि लॉटीकडे न बघता म्हणाली, "पांढऱ्या पायाची आली गं बाई माझ्या घरात."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!" कॅझ म्हणाला. चांगला माणूस होता तो, बायकोवर जीव होता त्याचा. पण पुढच्या मोसमात पहिली किक आली तेव्हा त्यानेच चोरट्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. "लॉटी, जरा खालून बटाटे आणतेस?" बटाटे कशाला, हे तिने विचारलं नाही. ती खाली गेली, टोपलीत चार बटाटे घेऊन वर आली, तोवर किक खांबांमधून गेली होती आणि चेट सोफ्यावर उभा राहून नाचत होता. झालं! बाईचं नशीब चार बटाट्यांवर ठरलं.

आधी ती फक्त किकेच्या वेळी खाली जायची. मग शेवटची पंधरा मिनिटं. मग अर्धी मॅच, मग अख्खी. तसे नेम सगळ्यांचेच होते. चेट मोसम संपेपर्यंत मोजे धुवायचा नाही, कॅझ टोपी उलटी घालायचा, सासू डोळे मिटून माळ ओढायची. पण मोज्यांना काय त्रास होतो? माणसाला होतो. वर यायची परवानगी कशी द्यायची तेही ठरलं. मॅच संपली की कॅझ टाचेने जमिनीवर तीन ठोके मारायचा. तीन ठोके ऐकू येईपर्यंत लॉटीने पायरी चढायची नाही.

आमच्याकडच्या सगळ्याच जुन्या घरांसारखं त्या तळघरातही दुसरं स्वयंपाकघर होतं. जुनी शेगडी, कपड्यांचं मशीन, लोणच्याच्या बरण्या आणि जमिनीलगत एक खिडकी, तीही डिसेंबरपासून बर्फाने बुजलेली. लॉटी तिथे पीठ लाटायची आणि वर कान लावायची. दोन-तीन वर्षांत तिला सगळं कळायला लागलं. चेटची जड पावलं टीव्हीकडे दोनच पडली की आपला माणूस चेंडू घेऊन सुटला. दोघं एकदम उडाले आणि छताची भुकटी पिठात पडली की टचडाउन, म्हणजे आपला माणूस चेंडूसकट पार शेवटच्या रेषेपलीकडे. एकच टाच खाड्‌कन आपटली की चेंडू हातातून सुटला. आणि फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला की आता काही खरं नाही, हरतायत मेले. पुढेपुढे तर ती कॅझने सांगायच्या आत स्कोअर सांगायची. चेट म्हणायचा, "ही खाली टीव्ही लपवून बसते की काय!"

तुम्ही म्हणाल, बाई खाली असताना टीम जिंकायची का? कसली जिंकते! दहातल्या सात वेळा हरायचेच. पण हरले की कारण तयार असायचं. मशीन चालू होतं, त्याच्या घरघरीने खेळाडू बिचकला. लॉटी गुणगुणत होती. लॉटी तिसऱ्या पायरीवर आली होती. दार नीट लागलं नव्हतं, फट राहिली होती. त्यावर चेटने दाराखाली टॉवेल कोंबायचा नेम काढला. जिंकले तर ती खाली होती म्हणून, हरले तर ती नीट खाली नव्हती म्हणून. आता बोला!

एकदा मात्र सलग अकरा मॅच हरल्यावर कॅझ वैतागला. "नाहीतरी मरतोच आहोत," तो म्हणाला, "लॉटी, आज तू वर बस. उलटं करून बघू." ती त्याच्याशेजारी सोफ्यावर बसली. एक्केचाळीस–शून्य हरले. चेट मधेच उठून निघून गेला. पण कॅझने तिचा हात साडेतीन तास सोडला नाही, तिला नियम समजावत राहिला, दुसरी टीम पळत सुटली की तिचा हात दाबत राहिला. शेवटी दोघांना हसू आवरेना. पुढच्या रविवारी ती निमूटपणे खाली गेली. एक्केचाळीस पॉइंटांनंतर वाद घालायला जागाच नव्हती. पण आयुष्यातला चांगला दिवस कोणता असं कुणी विचारलं असतं, तर तिने तोच सांगितला असता.

कॅझच्या फुप्फुसांत कारखान्याची धूळ बसलेली होतीच. लग्नाच्या सदतिसाव्या वर्षी उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला. पुढच्या खोलीत टीव्हीसमोर त्याचा पलंग आणला, उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं. डॉक्टरीणबाई लॉटीला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "ईस्टरपर्यंत टिकले तर खूप म्हणायचं." आदल्या वर्षी भट्टीवाले एकही मॅच जिंकले नव्हते, सोळाच्या सोळा हरले होते. आणि कॅझचं चालणं थांबलं त्याच वर्षी त्यांना पाय फुटले. नवा कोच आला, कुठून तरी चेंडू फेकणारा एक बारकासा पोरगेला गडी आला, आणि जिंकायला लागले की हो! ऑक्टोबरात जिंकले, नोव्हेंबरात जिंकले. दुकानांच्या काचांवर नारिंगी पताका लागल्या. कॅझ दम लागलेल्या आवाजात म्हणायचा, "चेट, मी फायनल बघून जाणार. लिहून ठेव."

लॉटीचा हिशेब वेगळा होता. तिच्याकडे कॅझबरोबरचे थोडेच रविवार उरले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाचे साडेतीन तास ती तळघरात काढत होती. वर त्याचा श्वास कसा चाललाय ते तिला कळत नव्हतं, कारण त्याची पावलंच उरली नव्हती. सासू केव्हाच देवाघरी गेली होती, आता वर फक्त चेट चालायचा. कॅझसाठी पलंगाशी एक काठी ठेवली होती. मॅच संपली की तो ती उचलून तीन ठोके द्यायचा. ठोके आठवड्यागणिक हलके होत गेले.

जानेवारीत फायनलला नेणारी मॅच आली. सकाळी त्याची दाढी करताना लॉटीने विचारलंच.

"कॅझ, आज मी वर बसू का रे? तुझ्याजवळ?"

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला हो म्हणायचं होतं, तिला दिसत होतं ते. पण सदतीस वर्षं काही थोडी नाहीत.

"दोनच तर राहिल्यात गं," तो म्हणाला. "आजची आणि फायनल. मग काय, रोजच बस ना माझ्याजवळ. मी कुठे जातोय?"

"जाऊ नकोस म्हणजे झालं."

"आणि दार नीट लाव हं," तो म्हणाला, आणि ओशाळून हसला.

चेट साडेबारा वाजता आला, बगलेत सॉसेजची पुडी, पायांत ते भयंकर मोजे. लॉटीने कॅझच्या पायांवर रजई सारखी केली, नळकांड्याचा काटा पाहिला, काठी त्याच्या हाताशी ठेवली. खाली गेली, दार लावून घेतलं. पलीकडून चेटने टॉवेल कोंबल्याचा आवाज आला.

तिने पीठ मळायला घेतलं, पण हात चालेनात. वर चेटची पावलं टीव्हीकडे, मागे, परत टीव्हीकडे. एकदा छताची भुकटी पडली, टचडाउन. मग बराच वेळ काही नाही. एक टाच आपटली. पुन्हा भुकटी. घड्याळाप्रमाणे आता शेवटची पाच मिनिटं असणार. चेट जागच्या जागी उभा होता, दोन्ही पाय घट्ट रोवून. किक आहे, तिने ओळखलं. सगळं आता त्या एका किकेवर आलंय.

तेवढ्यात तिला एक ठोका ऐकू आला. काठीचा.

लॉटी उठली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. एकच ठोका. दुसरा येईल म्हणून ती कान टवकारून उभी राहिली. चेटची दोन-तीन पावलं घाईघाईने पलंगाकडे गेली, तिथेच थांबली. काठी निसटली असेल, तिने स्वतःला समजावलं. मॅच संपलेली नाही. आपण आत्ता गेलो आणि ती किक चुकली, तर कॅझच्या तोंडाकडे कसं बघणार? उरलेले दोन ठोके आले की जाऊ.

मग बाहेर सगळीकडून एकदम गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. चर्चची घंटा सुरू झाली. रस्त्यावर कुणीतरी डबे बडवत ओरडत होतं. जिंकले! फायनल! लॉटीने दोन्ही पिठाचे हात तोंडावर ठेवले आणि रडली, एकटीच, पायरीवर उभी राहून. आता ठोके येतील. पण वर कुणी नाचत नव्हतं. भुकटी पडली नाही. ती वाट बघत राहिली, किती वेळ कुणास ठाऊक, आणि मग दार उघडून चेट वरच्या पायरीवर दिसला. त्याची टोपी त्याच्या हातात होती.

"लॉटी," तो म्हणाला, "ये गं वर."

कॅझचा चेहरा दाराकडे वळलेला होता, टीव्हीकडे नाही. हात अजून गरम होता. ती त्याच्याजवळ बसली आणि चेट भिंतीला टेकून हुंदके देत बोलायला लागला. "त्याला श्वास मिळेना. त्याने काठी घेतली, ठोकायला लागला. एकदा ठोकलं. मी... मी हात धरला त्याचा, लॉटी. म्हटलं, कॅझ, एवढी किक होऊ दे, मग बोलावतो तिला. मी तिकडे बघत होतो. वळलो तेव्हा..." 

डॉक्टरीणबाईने नंतर स्पष्ट सांगितलं, वर असती तरी लॉटी काही करू शकली नसती. त्याला वाचवणं लॉटीच्या हातात कधीच नव्हतं. तिला हात धरायचा होता. तो धरला चेटने, आणि तोही काठी थांबवायला.

मातीला अख्खं गाव लोटलं. कुणी नारिंगी मफलर बांधून आलं होतं, कुणी शवपेटीत टीमची टोपी ठेवली. प्रत्येक जण लॉटीचे हात हातात घेऊन तेच म्हणत होता. "तू जागची हलली नाहीस म्हणून पोचलो गं आपण." न्हावी म्हणाला, गाव तुझे उपकार विसरणार नाही. शेजारच्या ओलाहबाईंनी तिला मिठी मारली. "कॅझ जिंकलेलं बघून गेला ना गं? तेवढं तरी समाधान!"

"हो," लॉटी म्हणाली. "बघून गेला." दुसरं काय सांगणार होती बिचारी?

दोन आठवड्यांनी फायनल आली. मॅच संध्याकाळी होती, पण चेट दुपारपासूनच स्वयंपाकघराच्या दारात चुळबुळत उभा राहिला. ओलाहबाई आणि त्यांचा नवराही सोबतीला आले होते. मॅच बघायचं घर बदलायचं नाही, हाही नेमच होता.

"लॉटी, आज तू वर बस," चेट म्हणाला. "कॅझच्या जागेवर. मी सांगतोय ना, बस."

तोंडाने तो हे म्हणत होता आणि नजर तळघराच्या दाराकडे जात होती. लॉटीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. कारण आता तिलाही ते जिंकायला हवे होते, चेटपेक्षा, अख्ख्या गावापेक्षा जास्त. ते जिंकले तर त्या दिवशी पायरीवर थांबली ते काहीतरी कामी आलं म्हणायचं. ते जिंकले तर तो एक ठोका वाया गेला नाही. हरले तर मात्र तिच्याजवळ काहीच राहत नव्हतं.

तिने पलंगाशी उभी असलेली काठी आणून चेटच्या हातात दिली. "संपली की तीन ठोके दे," म्हणाली, आणि खाली गेली. दार घट्ट लावलं. टॉवेल या वेळी तिने स्वतःच आतून कोंबला. मशीन बंद होतं, शेगडीही पेटवली नाही. ती तळाच्या पायरीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली आणि हलली नाही. खोकला आला तो तिने कॅझच्या जुन्या नारिंगी जर्सीने तोंड दाबून गिळला.

सुरुवातीला भुकटी पडली. ती मनातल्या मनात कॅझला म्हणाली, बघ! मग एक टाच आपटली. थोड्या वेळाने दुसरी. नंतर पावलं येईनाशी झाली. माणसं बसलेली असली की काहीच ऐकू येत नाही. ती वर बघत राहिली, छताकडे, जणू बघून काही हलणार होतं. मग फ्रिजचं दार उघडलं. तो आवाज तिला सदतीस वर्षं ओळखीचा होता. तरी ती म्हणाली, नाही, चेटला तहान लागली असेल. फ्रिज पुन्हा उघडला. मग ओलाह नवरा-बायकोची हलकी पावलं दाराकडे गेली, आणि पुढचं दार हळूच लागलं. बाहेर एकही भोंगा वाजला नाही.

ठोके काही आले नाहीत. लॉटी बसूनच राहिली.

शेवटी तळघराचं दार उघडलं आणि चेट एकेक पायरी उतरून खाली आला. मॅचच्या दिवशी तो कधीच तिथे उतरला नव्हता. चौतीस–नऊ, तो म्हणाला, आणि तिच्यासमोर उभा राहिला. डोळे लाल झालेले.

"लॉटी," त्याने अगदी हळू विचारलं, "मधे कधी वर आली होतीस का? एखादी पायरी? चुकून?"

तो दोष देत नव्हता. तो विनवत होता, हे तिला दिसलं. तिने हो म्हटलं असतं तर सगळं परत जागेवर बसलं असतं: टीम हरली ती लॉटीच्या पायांमुळे, नेहमीसारखी, आणि मग त्या दिवशी कॅझचा हात धरून ठेवला तेही बरोबरच होतं. चेट सुटला असता. तीही सुटली असती. हो हा शब्द तिच्या ओठांवर आला होता.

"नाही रे चेट," ती म्हणाली. "हललेसुद्धा नाही."

"टॉवेल?"

"टॉवेलही होता."

"मग?" चेट म्हणाला.

"मग काय. तो एक ठोका ऐकला तेव्हाच मी वर यायला हवं होतं."

चेट पायरीवर मटकन बसला. "मी त्याचा हात धरायला नको होता," तो म्हणाला, आणि परत तेच म्हणाला. लॉटीने जर्सी घडी करून मांडीवर ठेवली.  वर टीव्ही अजून चालू होता, दुसऱ्याच गावाची माणसं त्यात ओरडत होती. बराच वेळ गेला तरी चेट उठेना, तेव्हा तो बंद करायला लॉटीच वर गेली.